मेस्त्रीबाईंची ओली पट्टी

जखमेवरची पट्टी सोडली की मेस्त्रीबाई ती आधी नाकाशी न्यायच्या. डॉक्टर, नर्स, वॉर्डबॉय सगळे तोंड फिरवायचे, आणि या बाई भाजलेल्या अंगावरून निघालेला पिवळट कापूस शांतपणे हुंगायच्या. "गोडूस वास येतोय. उद्या हिरवा पू दिसेल बघा," असं सांगून पट्टी ट्रेमध्ये टाकायच्या. दुसऱ्या दिवशी तसंच व्हायचं. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वॉर्डाबाहेर जाऊन उलटी केली. परत आले तर त्या म्हणाल्या, "जंतूंची कसली किळस, विद्या? ते काय खोटं बोलतात?"

मेस्त्रीबाई म्हणजे डॉ. सुलभा मेस्त्री. ऐंशीच्या दशकात आम्ही दोघी भांडुप आणि मुलुंडच्या मध्ये एका रसायनांच्या कंपनीत कामाला होतो. कंपनीचं नाव सांगत नाही. ते उच्चारलं तरी तोंडात कडू पाणी येतं, आणि आता तिथे कंपनी नाहीच, टॉवर आहेत. गिरण्यांत विणताना धागा तुटू नये म्हणून सुताला खळ लावतात, त्या खळीची पांढरी पावडर आम्ही बनवायचो. मग संप झाला, गिरण्या बंद पडल्या, आणि पावडरीची पोती गोदामात छतापर्यंत साठली. तेव्हा वरच्या लोकांना संशोधनाची आठवण झाली. या पावडरीचं आणखी काय करता येईल ते बघायला म्हणून मेस्त्रीबाईंना घेतलं.

त्या तेव्हा चव्वेचाळीसच्या होत्या, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठ्या. बुटक्या, रुंद खांद्यांच्या, नायलॉनची साडी, पदर पिनेने घट्ट टाचलेला, आणि मनगटाच्या आतल्या बाजूला पुरुषी घड्याळ. लग्न केलं नव्हतं. कांजूरमार्गला चाळीतल्या एका खोलीत वडिलांबरोबर राहायच्या. वडील गिरणीत खळीच्याच खात्यात होते, संपात घरी बसले ते बसलेच. "माझ्या बाबाच्या हाताची कातडी ह्याच खळीने चाळीस वर्षं मऊ ठेवली," बाई म्हणायच्या. "म्हटलं, बघूया दुसऱ्यांच्या कातडीचं काय करते."

त्यांनी काय केलं ते सोपं करून सांगते. खळीची पावडर पाण्यात विरघळवली, ती थाळीत ओतून गोठवली, मग वितळू दिली, पुन्हा गोठवली. असं तीनदा केलं की थाळीत एक पांढरट, लवचीक, ओली चकती तयार होते. ताडगोळा सोलल्यावर हाताला लागतो तशी. तिच्यात जवळजवळ सगळं पाणीच असतं, पण ती सांडत नाही. भाजलेल्या जागेवर ठेवली की थंड वाटतं, आणि काढताना चिकटत नाही. हायड्रोजेल हा शब्द आमच्यापैकी कोणी तोवर ऐकलाही नव्हता. वॉर्डातल्या बायका तिला 'ओली पट्टी' म्हणायला लागल्या आणि तेच नाव राहिलं.

गोठवायला डीप फ्रीझर हवा होता. बाईंनी तीन अर्ज केले. फ्रीझर आला नाही. त्याच सुमाराला आमच्या संशोधन संचालकांच्या केबिनला दुसरा एसी मात्र बसला. मग बाईंनी भांडुपच्या बर्फाच्या कारखान्यात ओळख काढली, जिथून कोळणी माशांसाठी बर्फ नेतात. झाकणाचे स्टीलचे डबे घेऊन त्या तिथे जायच्या आणि लाद्यांच्या मध्ये ते रचून यायच्या. तिथले कामगार विचारायचे, "काय बाई, खरवस झाला का?" बाई डबा उघडून त्यांना दाखवायच्या. समजावूनही सांगायच्या. मी एकदा बरोबर होते. एक घामाघूम माणूस खांद्यावर गोणपाट टाकून ऐकत होता. सगळं ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "म्हणजे पाण्याचीच कातडी." बाईंनी ते लगेच वहीत लिहून घेतलं. "आमच्या डायरेक्टरला सहा महिन्यांत जे कळलं नाही ते ह्याला कळलं," असं येताना म्हणाल्या.

ते डायरेक्टर म्हणजे डॉ. देवस्थळी. गोरे, मऊ आवाजाचे, खिशात अत्तर लावलेला रुमाल. कधी कुणाला अरे-तुरे केलं नाही, कधी आवाज चढवला नाही. मला ते तेव्हा फार सुसंस्कृत वाटायचे. आज त्यांच्या त्या मऊ आवाजाची आठवण झाली तरी अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

बाईंना नुसती पट्टी करून थांबायचं नव्हतं. पट्टी जखम झाकते, पण जिथे कातडी खोलवर जळून गेली तिथे नवी येणार कुठून? त्यांचं म्हणणं होतं की पट्टीतच माणसाच्या कातडीच्या पेशी वाढवायच्या आणि ती पट्टीच अंगाला लावून टाकायची. आता या गोष्टीला मोठमोठी नावं आहेत, तिच्यावर परिषदा भरतात. तेव्हा ती कांजूरमार्गच्या एका बाईच्या डोक्यात होती, आणि ती सांगताना त्या म्हणायच्या, "कातडी शिवता येत नाही गं. तिला राहायला घर बांधून द्यावं लागतं. आम्ही मेस्त्री. आम्ही घर बांधणार, पेशींनी राहायला यायचं."

पण खळीची चकती फार गुळगुळीत. पेशी तिला धरून राहीनात. तिच्यात जिलेटिन घालायला हवं होतं, आणि बाजारातलं जिलेटिन बाईंना पसंत नव्हतं. "कुठल्या हाडांचं, कधीचं, काय माहीत." मग त्यांनी माशांच्या कातडीपासून स्वतःच काढायचं ठरवलं. आमचा स्टोअरकीपर पास्कल भांडुपच्या गावठाणातला, त्याची बायको मुलुंडच्या बाजारात मासे विकायला बसायची. ती सुरमई आणि घोळीची सोललेली कातडी पिशवीत बांधून द्यायची. बाई ती धुवायच्या, आम्लात भिजवायच्या, मंद आचेवर तासन् तास ठेवायच्या. पहिले दोन दिवस मजल्यावर असा वास सुटला की अकाउंट्सची माणसं खिडक्या लावून बसली.

तिसऱ्या दिवशी देवस्थळींची चिठ्ठी आली. अगदी सभ्य भाषेत. 'महिला सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेस स्वयंपाकघर समजू नये, ही नम्र विनंती.' बाईंनी चिठ्ठी वाचली, घडी घालून कंबरेला खोचली. आठवडाभराने जिलेटिन तयार झालं, काचेसारखं स्वच्छ. ते बशीत घालून त्या केबिनमध्ये गेल्या. मी काही कागदांवर सही घ्यायला आत उभी होते.

"साहेब, वास घ्या."

देवस्थळींनी रुमाल नाकाशी धरला.

"रुमाल काढून घ्या. आता जो येतोय तो रुमालाचाच वास आहे."

देवस्थळी हसले. "तुमचा विनोद फार छान असतो, मेस्त्रीबाई," म्हणाले. पण बशीकडे नाक नेलं नाही.

प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात बाईंनी काचेची एक पेटी बनवून घेतली होती. आत चाळीस वॉटचा बल्ब, एक थर्मामीटर, आणि उकळलेल्या पाण्याची वाटी. ऑपरेशनमधून उरलेले कातडीचे तुकडे हॉस्पिटलातून यायचे. त्यांतल्या पेशी वेगळ्या करून त्या चकतीवर सोडायच्या आणि पेटीत ठेवायच्या. त्या पेशींना त्या 'भाडेकरू' म्हणत. सकाळी आल्या की पर्सही खाली न ठेवता सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायच्या. "दोन बिऱ्हाडं गेली. पण कोपऱ्यातली मंडळी हातपाय पसरून बसलीत, बघ." मी बघायचे. खरंच त्या पेशी हातपाय पसरल्यासारख्या दिसायच्या. एकदा अकरा दिवस टिकल्या. त्या दिवशी बाईंनी डब्यातला तळलेला बांगडा अख्ख्या मजल्याला वाटला.

त्यांना किळस कशाची यायची ते मी एकदा पाहिलं. आमच्याकडे नव्याने लागलेल्या एका एमएस्सीवाल्याने आलेख काढताना एक बिंदू जरा वर सरकवला होता, म्हणजे रेघ सरळ यावी. बाईंनी कागद बोटांच्या टोकांनी उचलला, जणू त्याला काही लागलंय. "हा इथे कसा आला?" त्या पोराने सांगितलं, बाई, अगदी थोडासाच फरक आहे. त्या म्हणाल्या, "घाणेरडा आहेस." एवढंच. तो कागद त्यांनी टोपलीत टाकला आणि साबणाने... नाही, साबणाचं मला आता नीट आठवत नाही, उगाच रचून सांगायला नको. पण महिनाभर त्या त्याच्याशी बोलल्या नाहीत. पू, रक्त, माशांची आतडी, कशालाही त्यांनी घाण म्हटल्याचं मी ऐकलं नाही. तो शब्द त्या एवढ्याच कामासाठी राखून ठेवत.

ओली पट्टी माणसांवर वापरून बघायची परवानगी मिळाली ती उपनगरातल्या एका हॉस्पिटलात. जळितांचा वॉर्ड तळमजल्यावर होता. बत्तीस खाटा, त्यांतल्या पंचवीसांवर बायका, बहुतेक विशीतल्या. कागदावर प्रत्येकीचं कारण एकच, स्टोव्हचा भडका. पट्टी बदलायचा दिवस असला की कॉरिडॉरच्या टोकापर्यंत किंकाळ्या ऐकू यायच्या. जाळीचा कापूस जखमेला चिकटून वाळतो आणि ओढून काढताना नवी आलेली कातडीही बरोबर निघते. वॉर्डबॉय ट्रान्झिस्टर मोठ्याने लावून ठेवायचे.

सरिता नावाची बावीस वर्षांची मुलगी होती. नाहूरच्या बाजूला सासर, लग्नाला दोन वर्षं. पाठ भाजलेली. खाटेशेजारी सासू स्टुलावर बसलेली असायची, सतत, मुलगी काही बोलली तर आपल्या कानावर पडावं म्हणून. बाईंनी पहिल्याच दिवशी जखम बघितली आणि सासूलाच विचारलं, "पाठ कशी भाजली?"

"सांगितला ना. स्टोव्ह भडकला."

"पाठ करून स्वयंपाक करते काय तुमची सून?"

सासू उठून बाहेर गेली. बाई वॉर्डातल्या हवालदाराकडे गेल्या, तोच प्रश्न त्यालाही विचारला. तो म्हणाला, "मॅडम, तिनंच जबाब दिलाय. माझ्या हातात काय आहे?" बाई परत आल्या तेव्हा संतापाने त्यांच्या तोंडून मालवणीच निघत होतं. "माका ओकाऱ्या येतत," म्हणाल्या. "त्या बायेची पाठ बघून माका कायच नाय वाटत. ह्या माणसांक बघून येतत."

पण त्या पहिल्या ओल्या पट्टीची सकाळ मी विसरणार नाही. दोन दिवसांनी ती काढायची होती. सरिताने आधीच उशी दातांत धरली होती. बाईंनी एका टोकाला बोट घातलं आणि पट्टी उचलली. ती सुटून आली. सरिता वाट बघत राहिली. बराच वेळ गेल्यावर तिने उशी सोडली आणि मान न वळवता विचारलं, "कधी काढणार?"

"काढली," बाई म्हणाल्या.

शेजारच्या खाटांवरच्या बायका उठून बसल्या होत्या. मग कोणीतरी जाऊन ट्रान्झिस्टर बंद केला.

पुढच्या तीन आठवड्यांत सरिता बसायला लागली. कडांनी गुलाबी कातडी सरकत येत होती, मधल्या भागावर दुसरीकडची कातडी लावायचं ठरत होतं. सासू चहा प्यायला गेलेली असताना एकदा तिने बाईंचा हात धरला. मी शेजारी डबा धरून उभी होते. ती म्हणाली, "बाई, बरी झाले की सांगेन मी सगळं. आत्ता नको. आत्ता मला त्यांच्याच घरी जावं लागेल. आईला बोलावलंय गावाहून. ती आली की सांगेन."

"सांग," बाई म्हणाल्या. "मी येईन तुझ्यासोबत."

त्याच आठवड्यात बाईंचे वडील गेले. त्यांची इच्छा म्हणून अस्थी घेऊन बाई कुडाळजवळच्या त्यांच्या गावी गेल्या. तेरावं करूनच येणार होत्या.

आता माझ्याकडे येते. टाळता आलं असतं तर टाळलं असतं.

मी कंपनीत तपासणी खात्यात होते. माल जंतुविरहित आहे की नाही याचा दाखला माझ्या सहीने निघायचा. ओल्या पट्टीची अडचण अशी होती की ती वाफेत उकळली तर वितळायची. म्हणून बाई ती बाहेर पाठवून किरणांनी निर्जंतुक करून आणायच्या. तिथे नंबर लागायला आठवडे जायचे. देवस्थळींना तेवढा वेळ नव्हता. कुणी मोठे पाहुणे येणार होते, त्यांच्या हस्ते तीनशे पट्ट्या हॉस्पिटलला भेट द्यायच्या होत्या, फोटोग्राफर ठरला होता. बाई गावी असताना त्यांनी पट्ट्या बनवून घेतल्या आणि किरणांऐवजी नुसत्या औषधी पाण्यात बुडवून पाकिटांत भरायला लावल्या.

मी चाचणी केली. पट्टीचे तुकडे पोषक रसाच्या नळ्यांत टाकून उबेत ठेवायचे असतात. जंतू नसले तर रस स्वच्छ राहतो, असले तर गढूळ होतो. तिसऱ्याच दिवशी दहा नळ्यांपैकी तीन गढूळ झाल्या. मी ते वहीत लिहिलं आणि वही घेऊन केबिनमध्ये गेले.

देवस्थळींनी मला बसायला सांगितलं. चहा मागवला. माझ्या मुलाच्या शाळेची चौकशी केली. मग म्हणाले, "विद्याताई, नळ्या भरताना हवेतून काही पडलं असेल. असं होतं ना कधी कधी?"

"होतं, सर."

"मग हे तुमच्या हातून झालेलं, पट्टीतलं नाही. पुन्हा करून बघायला चौदा दिवस लागतील. कार्यक्रम परवा आहे. तुम्ही समजूतदार आहात."

मला कोणी धमकावलं नव्हतं. नोकरी जाईल असं कोणी म्हणालं नव्हतं. पुढे कित्येकांनी मला हे प्रकरण विचारलं तेव्हा मी दबाव होता असं सांगितलं. दबाव नव्हता. एका मोठ्या माणसाने मला खुर्ची दिली, ताई म्हटलं, आणि समजूतदार म्हटलं. एवढ्यावर मी वहीतलं पान फाडलं आणि 'वाढ आढळली नाही' असं लिहून सही केली. चहाही संपवला.

कार्यक्रम झाला. फोटो निघाले. दोन दिवसांनी बाई गावाहून आल्या. देवस्थळींनी त्यांना पट्ट्यांची उरलेली खोकी दाखवली, किरणांचं काम ओळखीने लवकर करून घेतलं असं सांगितलं, आणि वर माझा दाखला ठेवला. बाईंनी दाखला वाचला. "विद्याची सही आहे ना, मग झालं," म्हणाल्या, आणि त्यातल्याच पट्ट्या घेऊन वॉर्डात गेल्या. सरिताच्या पाठीवर त्यांनी स्वतःच्या हाताने पट्टी लावली.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. हातात झाकणाचा स्टीलचा डबा. उघडला. आत पट्टी होती, खालून हिरवी झालेली. द्राक्षं नासल्यासारखा वास आला.

"सात जणींच्या झाल्यात अशा," त्या म्हणाल्या. "तू चाचणी केली होतीस?"

"केली होती."

"मी लावताना वास नाही घेतला. पाकीट फोडलं आणि लावली. तुझी सही होती म्हणून." त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि त्या गेल्या.

त्याच दिवशी त्यांनी हॉस्पिटलला स्वतःच्या हातचं पत्र लिहून दिलं, की या पट्ट्या दूषित आहेत, एकही वापरू नये. वॉर्डात फिरून एकेक पाकीट गोळा केलं. पाच वर्षांचं काम त्यांनी पोत्यात भरून जाळायला दिलं. चार बायका सावरल्या. दोघींचं मला कळलं नाही. सरिताचा ताप उतरला नाही. आई गावाहून पोचली तेव्हा ती शुद्धीवर नव्हती. ती गेल्यावर सासूने वॉर्डात मोठ्याने रडून घेतलं, आणि जबाब होता तसाच राहिला.

"ती कशानेही गेली असती, असं आता सगळे म्हणतील," बाई पास्कलला सांगत होत्या. मी दाराबाहेर होते. "ते खरंही असेल. म्हणून तर म्हणतील."

चौकशी बसली. कंपनीचे दोघे आणि बाहेरचा एक प्राध्यापक. देवस्थळी एका बाजूला फाइल घेऊन बसले होते. त्यांनी फार दुःखी आवाजात मांडणी केली. पट्ट्या कंपनीतून बाहेर पडल्या तेव्हा निर्जंतुक होत्या, हा पाहा दाखला. म्हणजे दोष त्यानंतर, हाताळणाऱ्याच्या हातून शिरला. डॉ. मेस्त्री यांची बर्फाच्या कारखान्यात डबे ठेवण्याची पद्धत सर्वांना माहीत आहे. मासळी बाजारातून कातडी आणून काम करणंही. आणि, सांगायला संकोच वाटतो, पण जखमेच्या पट्ट्या नाकाला लावण्याची त्यांची सवय वॉर्डातल्या सगळ्यांनी पाहिली आहे. प्राध्यापकांनी 'श्श' असा आवाज केला आणि टिपून घेतलं.

मला तेव्हा कळलं की माझा एक कागद काय काय करू शकतो.

बाईंना विचारलं, तुम्हाला काही म्हणायचं आहे का? त्या म्हणाल्या, "मला हिला एक प्रश्न विचारायचाय." आणि माझ्याकडे वळल्या. "विद्या, किती नळ्या गढूळ झाल्या होत्या?"

खोलीत पंखा फिरत होता. देवस्थळी माझ्याकडे बघतही नव्हते, ते पेनाचं टोपण लावत होते. त्यांना खात्री होती.

"एकही नाही," मी म्हणाले.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी वाट बघत होते की आता त्या तो शब्द म्हणतील, त्या एमएस्सीवाल्याला म्हणाल्या होत्या तो. म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पर्स उचलली, खुर्ची सरकवून जागच्या जागी लावली आणि खोलीबाहेर गेल्या. राजीनामा दुसऱ्या दिवशी पास्कलच्या हाती आला, दोन ओळींचा. काचेच्या पेटीतला बल्ब पुढे कोणीतरी वीज वाचवायला म्हणून बंद केला. त्यात त्या वेळी भाडेकरू होते की नाही, ते मी जाऊन बघितलं नाही.

वर्षभराने अंधेरीला एका सभागृहात देवस्थळींचं भाषण झालं. 'कृत्रिम त्वचेच्या दिशेने' की असंच काहीतरी. आम्हा सगळ्यांना कंपनीच्या गाडीतून नेलं होतं. दिवे मालवले आणि पडद्यावर बाईंच्या पेशी आल्या. मी ओळखल्या. कोपऱ्यातली ती मंडळी, हातपाय पसरलेली, अकरा दिवस टिकलेली. ज्या चित्रासाठी बाईंनी कॅमेरा उसना आणून सूक्ष्मदर्शकाला चिकटपट्टीने बांधला होता, तेच चित्र. देवस्थळी मऊ आवाजात म्हणाले, "या माझ्या प्रयोगशाळेतल्या पेशी. पेशींना फक्त अन्न नको असतं, त्यांना राहायला घर लागतं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारचा माणूस म्हणाला, "काय सुंदर बोलतात." शेवटी आभारांच्या यादीत कंपनीचे अध्यक्ष होते, फोटोग्राफर होता. नंतर समोसे होते. मी दोन खाल्ले. नको होते तरी खाल्ले, कारण सगळे खात होते आणि न खाणारी एकटीच मी दिसले असते.

मी त्या कंपनीत आणखी सहा वर्षं काढली. बढतीही मिळाली. देवस्थळी निवृत्त झाले तेव्हा त्यांना शाल कोणी द्यायची यावर चर्चा झाली आणि जुनी सहकारी म्हणून माझं नाव निघालं. मी दिली. लोकरीची होती, माझ्या बोटांना तिचे केस लागले होते आणि घरी जाईपर्यंत मी बोटं साडीला पुसत होते.

बाईंना मी एकदाच पुन्हा पाहिलं, नव्वदचं दशक सरता सरता. माझ्या भावजयीच्या पायावर उकळतं तेल सांडलं होतं आणि तिला दहिसरला नदीच्या अलीकडे मिशनऱ्यांच्या एका छोट्या दवाखान्यात ठेवलं होतं. मी भेटायला गेले. लांबट खोली, दहा-बारा खाटा. एका टेबलावर प्रेशर कुकर शिट्टी देत होता आणि त्यात केळीच्या पानाचे कापलेले तुकडे वाफवायला लावले होते. टेबलापाशी मेस्त्रीबाई होत्या. केस पूर्ण पांढरे, तीच पिनेने टाचलेली साडी, वरून एप्रन. वाफवलेलं पान चिमट्याने उचलून त्या उजेडाकडे धरून बघत होत्या. पुढे भावजय म्हणाली, केळीचं पान गार असतं, चिकटत नाही, अजिबात दुखत नाही.

त्यांनी मला ओळखलं. मी दारात उभी होते, तोंडात काहीतरी जुळवत होते. एवढ्या वर्षांत घोकलेलं एक वाक्य होतं माझ्याकडे, ते तेव्हा आठवेना.

"बाई, मी..."

"पेशंट कोण तुझी?"

"ती, खिडकीजवळची. भावजय."

"तिची पट्टी बदलायचीय. सिस्टर सुट्टीवर आहे. हात धुऊन ये. कोपरापर्यंत."

मी बेसिनपाशी जाऊन हात धुतले. परत आले तेव्हा त्यांनी भावजयीचा पाय माझ्या हातात दिला. "टाचेखाली धर. हलू देऊ नकोस." मी धरला. त्यांनी जुनं पान सोडवलं, जखम पुसली, नवं पान बसवलं, वरून पट्टा गुंडाळला. दहा मिनिटं लागली असतील. मध्ये एकदा त्या म्हणाल्या, "जरा वर." मी पाय वर केला. त्यांचा चेहरा माझ्यापासून हातभर अंतरावर होता आणि सगळा वेळ पायाकडे होता. भावजय म्हणाली, "किती हळुवार हात आहे हो तुमचा." बाईंनी तिच्या गुडघ्यावर थोपटलं.

"झालं," मला म्हणाल्या. "जा तू."

मी दारापर्यंत गेले आणि मागे वळून पाहिलं. त्या पुढच्या खाटेपाशी पोचल्या होत्या. तिथल्या म्हाताऱ्याच्या हातावरची पट्टी सोडायला वाकत होत्या आणि त्याला विचारत होत्या, "काय आजोबा, पेज घेतलात काय आज?"